काजूच्या लाकडाचा पाळणा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज बागेत राहायला आलो. जागा छान आहे. महिनाभर उगाच घाबरत होतो. गुरुदासशेटनी पेडण्याच्या बाजारातून मला आपल्या पिकअपमधून आणलं, वाटेत चहा पाजला, वर चार उंडे बांधून दिले. इथले गोल, कडक पाव ते. चहात बुडवले की माझ्या दातांना जमतात. शेट वयाने माझ्या जावयाएवढे, पण मला गणपतबाबा म्हणतात. बाग त्यांच्या आजोबांपासूनची.

खोली चिऱ्याची, वर कौलं. एक बल्ब, एक खाट, एक शेगडी. शेगडीच्या नळीला साबणाचं पाणी लावून दोनदा पाहिलं, गळती नाही. कौलांतून साप येतात का, विचारलं. शेट म्हणाले, “येतात, पण राहत नाहीत. तुमच्यासारखं बिऱ्हाड घेऊन कोणी येत नाही.” मी हसलो, पण झोपताना खाट भिंतीपासून हातभर लांब ओढणार आहे.

उतारावर काजूची दोनशे दहा झाडं आहेत. माझं काम राखणीचं. माकडं हाकलायची, पडलेले काजू उचलणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवायचं, आणि झाडांना खोडकिडा लागतो तो बघायचा. तो कसा बघायचा हे शिकवायला माणूस येणार आहे. मला जमेल का, कोण जाणे.

ही डायरी माझ्या लेकीने, वैशालीने दिली. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे मला आठवत नाही, म्हणून घेतली की लिहायचं. शाळा चौथीपर्यंतच झाली, चंदगडकडे, पण अक्षर बरं आहे. पुढे डिचोलीला खनिजाच्या ट्रकांचे हौदे बांधायच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं सुतारकाम केलं. खाणी बंद पडल्या, मग वर्कशॉपही. बायको, भागीरथी, गेली त्याला सव्वा वर्ष झालं. लेकीच्या सासरी वाळपईला किती दिवस बसून खाणार? तिला नववा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तिला माहेर म्हणून दाखवावं असं एक दारही माझ्याकडे उरलं नाही. ते मनाला लागून राहिलंय.

गोळी घेतली.

६ फेब्रुवारी

काजू उचलायला चार बायका येतात. त्यांची म्होरकी चंद्रावती. वय सत्तरीच्या आसपास, माझ्याच बरोबरीची, पण चढ अशी चढते की मला लाज वाटते. पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काय ओ आजोबा, घाटावयल्या माणसाक काजी कळतत काय?” मी म्हटलं, कळत नाहीत, शिकेन. तर म्हणते, “शिका, शिका. तुमच्या तोंडातल्या दातांपरास हय झाडां जास्त आसत.” बाकीच्या बायका हसून हसून खाली बसल्या. मला राग आला नाही. भागीरथी गेल्यापासून कोणी माझी थट्टा केली नव्हती.

दुपारी तिने बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, ताजा रस दिला. घशाला जरा लागतो. रक्तदाबाला चालेल का, विचारायचं राहिलं. अर्धाच प्यायलो.

गोळी घेतली.

११ फेब्रुवारी

शेतकी खात्याचा श्रीनाथ आला. पोरगेला दिसतो, पण कामाचा. एका झाडाच्या बुंध्याशी उकिडवा बसून त्याने मला दाखवलं. बुंध्याशी साल फुगलेली, डिंक गळतोय, आणि बारीक भोकांतून ओला, तांबडा भुसा बाहेर आलेला. त्याने पटाशीने साल काढली. आत सालीखाली वाटा, नागमोडी, भुशाने गच्च भरलेल्या. एका वाटेच्या टोकाला बोटाएवढी पांढरी अळी. तोंड काळं. तिने पटाशीचं टोक चावायला धरलं. माझ्या अंगावर काटा आला.

त्याने सांगितलं ते विसरू नये म्हणून लिहून ठेवतो. या भुंग्याच्या कुळात पुष्कळ प्रकार आहेत. सगळे लाकडात वाढणारे आणि सगळे अंधारात फिरणारे. मिशा अंगाहून लांब. मादी बुंध्याच्या भेगेत अंडी घालते, अळी आत शिरते आणि महिनोन्महिने कुरतडत राहते. झाड बाहेरून हिरवं दिसतं, आतून संपत जातं. अळी तारेच्या आकड्याने ओढून काढायची आणि रॉकेलच्या डब्यात टाकायची. अर्ध्याहून जास्त साल खाल्लेली असेल तर झाड वाचत नाही. ते मुळासकट काढून बागेबाहेर न्यायचं, नाहीतर शेजारची झाडंही जातात.

आणि शेवटी एक गोष्ट त्याने दोनदा सांगितली. बारीक भोकं आणि ओला भुसा, म्हणजे किडा आत आहे. पण मोठं, लांबट, कडा साफ असलेलं भोक दिसलं की आत शोधत बसू नका, आजोबा. ते बाहेर पडायचं दार. तो गेलेला असतो.

गोळी घेतली.

२२ फेब्रुवारी

एकोणीस झाडं साफ केली. सुताराचा हात आहे, पटाशी चालते. शेट खूश. संध्याकाळी खोलीबाहेर बसलं की कुरतडण्याचा आवाज येतो. झाडाला कान लावला की स्पष्ट, कुर्र, कुर्र, मग थांबतो, मग पुन्हा. आधी बेचैन वाटायचं. आता सोबत वाटते.

काल बल्बवर एक भुंगा आला. तांबूस, बोटाच्या दोन पेरांएवढा, मिशा मागे पाठीवरून खाली गेलेल्या. चिमटीत धरला तर कर्र कर्र ओरडला. किडा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. घाबरून सोडून दिला. मारायला हवा होता. मग रात्रभर तेच डोक्यात, की तो आता कुठल्या झाडात गेला असेल.

गोळी घेतली. बहुतेक.

२ मार्च

विहिरीजवळचं झाड आज काढलं. बागेतलं सगळ्यांत जुनं, दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा बुंधा. साल आत सगळी खाल्लेली. शेटना फोन केला, ते म्हणाले काढा. दोन मजूर पाठवले. चंद्रावती असती तर तिला विचारलं असतं, पण ती परवा फोंड्याला लेकीकडे गेली. लेकीचं ऑपरेशन आहे, महिनाभर येणार नाही.

बुंध्यात गुडघ्याच्या उंचीवर एक खिळा होता. लोहाराने घडवलेला, चौकोनी, वीतभर लांब, डोक्याला कुजका तांबडा दोरा. कोणी गाय बांधायला मारला असेल. लाकडात लोखंड असलं की करवतीचे दात जातात, म्हणून आधी खिळा काढायचा, हे आमच्या वर्कशॉपात पहिल्या दिवशी शिकवत. पक्कडीने धरला. वाटलं होतं अडकून बसला असेल, पण तो वळवळत सहज आला. भोवतालचं लाकूड किड्याने भुसभुशीत केलं होतं. खिळा दगडावर ठोकून सरळ केला आणि खिशात टाकला. जुना खिळा टाकायचा नाही, हेही तिथेच शिकलो.

बुंध्याचे ओंडके पाडले. खालच्या ओंडक्यातून रुंद फळी निघेल, रेषा सुंदर आहेत. मनात एक विचार आलाय, अजून लिहीत नाही. दृष्ट लागायला नको.

गोळी घेतली.

६ मार्च

झोप फार छान लागते. इतकी वर्षं रात्री तीनदा उठायचो. आता पडलो की सकाळ. झोपेत कोणीतरी पाठीवर थोपटतंय असं वाटतं. हळू, एकसारखं. भागीरथी वैशालीला तशी थोपटायची. उठलो तेव्हा अंथरुणावर बारीक भुसा होता, पिठासारखा. खाटेला कीड लागली असेल. ओंडके खोलीतच ठेवलेत ना. रॉकेल लावायला हवं.

गोळी घेतली.

१० मार्च

नात झाली! काल दुपारी, वाळपईला. वैशाली सुखरूप. जावयाने, गौरेशने फोन केला. दोघे नुसतेच फोनवर हसत राहिलो.

आता लिहितो. पाळणा माझ्याकडून जाणार. बारशाचा पाळणा माहेरचा असतो. बाळंतपण नाही करता आलं, पाळणा तरी माझ्या हातचा जाईल. त्या झाडाच्याच फळ्या. वरच्या खोडाचं लाकूड निरोगी आहे, त्याच्या बाजू. डोक्याकडची फळी मात्र बुंध्याची, कारण तेवढी रुंद दुसरी नाही. उन्हात घातली, रॉकेल पाजलं. बोटाने वाजवून पाहिली, बद्द वाटली नाही. पोखरलेली फळी हाताला कळते. दिसते तेवढी भरत नाही, उचलताना हात फसतो. ही जड आहे. तरी दोन बारीक भोकं होती, ती मेणाने बुजवली.

गोळी घेतली.

१७ मार्च

पाळणा झाला. डोक्याकडच्या फळीत मधोमध त्या जुन्या खिळ्याचं भोक होतंच, बुजवलं असतं तर डाग दिसला असता. म्हणून तोच खिळा परत त्यातच ठोकला, पाचर लावून घट्ट, वरून वाकवला. चिमण्या टांगायला आयती जागा. रंगीत कापडाच्या पाच चिमण्या पेडण्याच्या बाजारातून आणल्या.

खिळा बसला आणि खोली एकदम शांत झाली. कुरतडण्याचा आवाज इतके दिवस चालू होता हे तो थांबल्यावर कळलं. रात्री थोपटणंही नाही. तीनदा उठलो. चुकल्यासारखं वाटलं.

गोळी घेतली.

२१ मार्च

काल बारसं झालं. शेटनी पिकअप दिली, पाळण्यासकट वाळपईला गेलो. नाव गौरवी ठेवलं. विहीणबाई पाळण्यावर हात फिरवून म्हणाल्या, “दुकानात असलं मिळायचं नाही हो, व्याही.” वैशालीने माझ्याकडे बघितलं आणि पदराने डोळे पुसले. एवढ्यासाठी तर केलं.

गौरवीला मांडीवर घेतलं. भरलेलं मूल आहे, हाताला वजन लागतं. नाक भागीरथीचं. पाळण्यात घातली तर रडत होती ती गप्प झाली. सगळे म्हणाले, आजोबांच्या हाताचा गुण.

गोळी घेतली.

३० मार्च

वैशालीचा फोन. गौरवी अजिबात त्रास देत नाही म्हणे. पाळण्यात ठेवली की गप. रडतच नाही. विहीणबाई शेजारणींना बोलावून दाखवतात. फक्त दूध कमी पिते. आणि दुपट्यावर सकाळी बारीक भुसा दिसतो, बाबा, लाकूड नवीन आहे म्हणून का?

मी म्हटलं, हो, नवीन लाकूड आहे. पण मला ते आवडलं नाही. अळी राहिली असेल आत. पुढच्या आठवड्यात जाऊन बघावी. गुडघा दुखतोय, तीन ठिकाणी बस बदलायची. जमलं तर जाईन.

गोळी घेतली.

७ एप्रिल

चंद्रावती परत आली. येताना माझ्यासाठी खाजं आणलं होतं, जत्रेतली गुळाची मिठाई. लेक बरी आहे म्हणाली. मग विहिरीकडे पाणी प्यायला गेली आणि तिथूनच हाक मारली.

“बांयकडलां झाड खंय गेलां?”

मी सांगितलं, किडीने खाल्लं, काढलं. ती खड्ड्याकडे बघत उभी राहिली. मग हळूच विचारलं, “आणि खिळो?”

मी म्हटलं, काढला, सरळ केला, वापरला. “खंय?” म्हटलं, नातीच्या पाळण्याला. झाडाच्याच फळीचा केला, खिळाही त्यालाच.

ती तिथेच खाली बसली. “आजोबा, तुमका कोणीच सांगूंक नाय?” एवढंच दोनदा म्हणाली. मग सांगितलं ते असं.

चंद्रावती नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. बागेत गंगा नावाची बाई काजू उचलायला यायची. तान्ही मुलगी बरोबर आणायची, विहिरीजवळच्या झाडाच्या फांदीला साडीची झोळी बांधायची. मूल रडलं की त्या वेळचे मालक ओरडायचे. म्हणून गंगा एका हाताने काजू निवडायची आणि दुसऱ्या हाताने झोळी थोपटत राहायची. एक दिवस मूल रडलं नाही. सगळ्या बायका म्हणाल्या, काय गुणी पोर. गंगा दिवसभर थोपटत राहिली. संध्याकाळी झोळी सोडली तेव्हा मूल कधीचंच गेलेलं होतं.

गंगा तिथून उठली नाही. पाचव्या दिवशी झाडाखालीच गेली. त्यानंतर वाडीतली दोन तान्ही मुलं रडायची थांबली. दूध सोडलं. अंगाने दिसायची तेवढीच, पण उचलली की पिसासारखी. दोन्ही गेली. मग घाड्याला, भुतं बांधणाऱ्या मांत्रिकाला, आणलं. त्याने मेलेल्या गंगाला त्या झाडात खिळ्याने बांधली. जिवंत लाकडात खिळा आहे तोवर ती तिथे राहील, असं त्याने सांगितलं. वाडीत सगळ्यांना माहीत आहे. गुरुदासशेट म्हापशाला शाळेत वाढले, त्यांना कोणी सांगितलं नसेल. आणि मी बाहेरचा.

मी विचारलं, घाडी कुठे आहे? म्हणाली, तो जाऊन वीस वर्षं झाली. मुलगा मुंबईत नोकरीला.

गोळी घ्यायची राहिली. आता घेतो.

८ एप्रिल

वैशालीला फोन केला. काय सांगू कळेना. म्हटलं, पाळण्याला कीड आहे, बाळाला त्यात ठेवू नको. ती म्हणाली, बाबा, ती त्यातच झोपते, बाहेर काढली की डोळे उघडे ठेवून पडते. रडते का? नाही, रडत नाही, नुसती बघते. गौरेशने फोन घेतला. मी घाबरून सगळं सांगून टाकलं, गंगाचं पण. तो रागावला नाही, ते जास्त वाईट वाटलं. म्हणाला, “बाबा, तुम्ही एकटे राहता, उन्हात फिरता. गोळ्या वेळेवर घेता ना? हे आईसमोर बोलू नका हां.”

घेतली.

९ एप्रिल

दिवसभर फोन लावला. उतारावर रेंज येते जाते, आज नाही. वर टेकडीवर चढलो. लागला नाही.

चंद्रावती म्हणते, लाकूड मेलेलं असलं तरी खिळा फळीत घट्ट असेल तर गंगा अजून फळीतच आहे. फळी इथे आणा, दुसऱ्या निरोगी झाडात तोच खिळा मारू, मी बघितलंय घाड्याने कसा मारला. म्हटलं, मी घट्टच मारलाय. पाचर लावून. मी मारलेला खिळा एकतीस वर्षांत निघाला नाही.

१० एप्रिल

चंद्रावती निरोगी झाड शोधतेय. कड्याजवळचं एक आहे. मी कान लावून ऐकलं. आवाज नाही. बुंधा स्वच्छ. दोनदा ऐकलं. मग पुन्हा जाऊन ऐकलं.

११ एप्रिल

पहाटेच्या बसने वाळपईला गेलो. आलो. लिहितो.

गौरवी पाळण्यात होती. डोळे उघडे. वर बघत होती, चिमण्यांकडे नाही, चिमण्यांच्या मागे, फळीकडे. मी उचलली. तोंडावळा तसाच, गाल तसेच. पण हात फसला. दिसते तेवढी भरली नाही. मला त्या क्षणी कळलं. एकतीस वर्षं हे हाताला कळतंय. विहीणबाई म्हणत होत्या, “आमच्या घराण्यात असं गुणी मूल झालं नाही हो.” वैशालीच्या डोळ्यांखाली काळं पडलंय. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय, म्हणाली.

मी खोटं बोललो. पाळण्याचा एक सांधा सुटलाय, पडेल, नीट करून आणतो. गौरेश म्हणाला, इथेच करा. मी ऐकलं नाही. फळ्या सोडवल्या, दोरीने बांधल्या. वैशाली म्हणाली, बाबा, आजचा दिवस राहा ना. राहिलो नाही. डोक्याकडची फळी मांडीवर घेऊन बसलो, डिचोली, म्हापसा, पेडणे. कंडक्टर म्हणाला, “आजोबा, दरवाजा घेऊन फिरताय काय?”

खिळा जागच्या जागी होता. हाताने चाचपत आलो. वाकवलेला, तसाच. म्हणजे ती फळीत आहे. माझ्या मांडीवर. मला भीती वाटली नाही. गौरवीपासून लांब नेत होतो ना.

१२ एप्रिल, दुपार

चंद्रावती कड्याजवळ गेलीय, हळद, तांबडा दोरा घेऊन. मी खिळा काढून न्यायचा. ऊन आहे. फळी दारात ठेवलीय. पक्कड घेतली.

पक्कड लागली नाही. बोटाने धरला तर हातात आला. पाचरीसकट. मी मारलेला. भोवती काहीच नव्हतं. पीठ.

फळी उलटी केली. मागून पाहिली. मग आतल्या बाजूने, जी बाजू बाळाच्या डोक्याकडे असायची. खिळ्यापासून दोन बोटं खाली. चिमण्यांच्या कापडाखाली झाकलेलं होतं. भोक. लांबट. माझी करंगळी आत जाते. कडा साफ.

करवत लावली. मधोमध चिरली. वाट दिसते. खिळ्यापर्यंत सरळ आलीय, खिळ्याला वळसा घातलाय, पूर्ण वळसा, मग पुढे, मग दार. खिळा त्याला आडवा आलाच नाही. किड्याला काय त्याचं. तो आपला खात गेला —

भुसा कोरडा आहे. ओला नाही. कधीचा आहे.

आत शोधत बसू नका, आजोबा.

मी रिकामी फळी मांडीवर घेऊन आलो. रिकामी. आणि गंगाला तिथेच —

चंद्रावती हाका मारतेय. सांगितलं तिला. तिने हळद खाली टाकली.

१२ एप्रिल, संध्याकाळ

टेकडीवर आहे. आजही रेंज इथेच. शेटना फोन लागला, पिकअप घेऊन निघालेत, म्हापशात अडकलेत, तासभर म्हणाले. शेवटची बस गेली. डायरी खिशात होती म्हणून लिहितो. लिहिलं नाही तर हात काय करतील कळत नाही.

वैशालीला फोन लावला. लागला. म्हटलं, गौरवीला उचल. जवळ घे. खाली ठेवू नको. ती म्हणाली, बाबा, ओरडू नका, ती आत्ताच झोपलीय. आज दूध पण प्यायली नाही, पण झोपली. कुठे झोपली? म्हणाली, पाळणा तुम्ही नेलात ना. मग आईची साडी होती, ती हिरवी, तिची झोळी बांधलीय वाशाला.

भागीरथीची साडी.

मी म्हटलं, सोड ती झोळी. आत्ता. ती घाबरली. म्हणाली, बघते. फोन ठेवू नकोस म्हटलं. ठेवलेला नाही. बाजूला दगडावर आहे, चालू आहे. तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला. दार. मग ती म्हणाली, लांबून, बाबा, झोळी हलतेय, सासूबाई तर स्वयंपाकघरात आहेत, मग कोण —

आवाज येतोय. फोनमधून. थोपटल्याचा. हळू, एकसारखा. मला माहीत आहे तो, मी त्यात झोपलोय दहा रात्री —

गौरवी रडत नाही. रड म्हणतोय मी. फोनला तोंड लावून म्हणतोय, रड गं माझी बाय, एकदा रड. रडत नाही. वैशाली बोलत नाही. वैशाली —

थोपटणं थांबलं —